साताच्या सत्तरपट, सातवी ब

नाशिकमधल्या एका मराठी शाळेत मी सातवी ब ला गणित शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेते. म्हणजे आठवड्याचे सातही दिवस मी "गप्प बसा" हेच म्हणते; रविवारी त्याच्या आधी "बाळांनो" लावते, एवढाच फरक.

शिष्य पेत्राने प्रभू येशूला विचारलं होतं, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर आलं, साताच्या सत्तरपट. आमचे पाळकसाहेब सांगतात, याचा अर्थ मोजायचंच नाही. पाळकसाहेबांनी सातवी ब ला कधी शिकवलेलं नाही. मी गणिताची बाई, मी मोजते. क्षमा ४९०, वर्गाचा पट ५८. डोक्यामागे आठ, बाकी २६. ती बाकी हेडसर, मतदार यादीची बीएलओ ड्युटी आणि सासूबाई यांच्यासाठी राखीव. कोटा आठवड्याचा धरलाय. वर्षाचा धरला असता तर जूनमध्येच संपला असता.

नाताळच्या आधीचा आठवडा मात्र कुठल्याच कोट्यात बसत नाही. यंदा शनिवारी शाळेचं गॅदरिंग आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचं नाटक. दोन्ही माझ्याच गळ्यात.

पहाटे पाचला उठून स्तोत्र वाचायचा माझा नेम आहे. शेजारी कुकर लावलेला असतो. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" ला पहिली शिट्टी, "मृत्युच्छायेच्या दरीतून" ला दुसरी, तिसरीला गॅस बंद. माझी भक्ती तीन शिट्ट्यांची. सोमवारी त्याच तंद्रीत शाळेत गेले आणि परिपाठाला प्रतिज्ञा संपल्यावर माझ्या तोंडून "आमेन" निघालं. मागून अठ्ठावन्न पोरांनी खणखणीत "आमेन" ठोकलं. एरवी पाढा म्हणा म्हटलं तर यांचा आवाज फुटत नाही!

परतफेड बुधवारी झाली. चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांचा सराव चालला होता, मागे कुजबुज ऐकू आली, आणि मी वळूनही न बघता म्हटलं, "मागच्या बाकावर कोण ते? उभा राहा." सत्तरी ओलांडलेले आमच्या चर्चच्या कमिटीतले एक पंच मुकाट उभे राहिले.

मंगळवारी एका पोराला हजेरीपत्रक ऑफिसात द्यायला पाठवलं होतं, तो मधल्या सुट्टीपर्यंत उगवला नाही. आमच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाचा मृतदेह घेऊन १८७४ साली आफ्रिकेतून थेट इंग्लंडला पोचला. याला जिना उतरून डावीकडे वळायचं होतं.

स्टाफरूममध्ये दर डिसेंबरला एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, नाताळला तुमच्याकडे केकच ना?" केक असतो, पण करंज्या आणि चकल्यांनंतर. टाळ-पेटी घेऊन नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतो, हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे!" टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी काही परत करून आले नव्हते. पण हे मी बोलत नाही. बाकीतून एक वजा करते.

खरा घोळ कपड्यांचा. गॅदरिंगला दरबाराचा प्रवेश होता, त्यासाठी बारा मावळ्यांचे कपडे भाड्याने आणले. चर्चच्या नाटकाला मेंढपाळ हवे होते. घोंगडी दोघांच्याही खांद्यावर असते, म्हणून एक दिवसाचं जादा भाडं भरून तेच कपडे रविवारपर्यंत ठेवून घेतले. यात हुशारी केली असं मला दोन दिवस वाटत होतं.

पण चर्चमधली चार पोरं माझ्याच वर्गात आहेत. पंधरा दिवस मी त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती : स्टेजवर आलात की आधी मुजरा, मग बोलणं.

रविवारी संध्याकाळी देवदूताने थर्माकोलचे पंख सावरत सुवार्ता सांगितली. मेंढपाळ निघाले. एकाची शनिवारची मिशी तशीच होती. चौघे गव्हाणीसमोर आले, रांगेत उभे राहिले, आणि बाळ येशूला कमरेत वाकून तीन तीन मुजरे घातले. मागच्या बाकावरचे पंच सगळ्यांत आधी हसले. त्यांचा हिशेब चुकता झाला असावा. पुढच्या बाकावरच्या एक आजी मात्र पदराने डोळे पुसत होत्या.

नाटक संपल्यावर पाळकसाहेब मुद्दाम माझ्याकडे आले. "आपल्या मातीतलं वाटलं हो. मुजऱ्याची कल्पना तुमचीच का?"

"हो," मी म्हटलं.

बाकीतली एक शिल्लक होती. ती स्वतःच्या नावावर टाकली.