बार्शीची गाडी इंग्लंडात गेली होती, उलटं नाही

आज डोकं फिरलंय म्हणून लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर पुढं सरका.

सकाळी इथल्या मराठी मंडळातली चार-पाच कुटुंबं सायकली घेऊन मॅनिफोल्डच्या खोऱ्यात गेलो होतो, स्टॅफर्डशरमध्ये. तिथं एकेकाळी अडीच फुटी रुळांची गाडी होती, वॉटरहाऊसेस ते ह्यूम एंड, सव्वाआठ मैल. आता रूळ नाहीत, त्याच वाटेवर लोक चालतात, सायकली हाणतात. ह्यूम एंडला जुने फोटो बघताना आमचे एक ज्येष्ठ स्नेही पोरांना म्हणाले, "असल्या खेळण्यातल्या गाड्या यांनी आधी इकडं चालवल्या, जुन्या झाल्यावर आपल्याकडं पाठवल्या. या काकांच्या बार्शीलासुद्धा होती एक." सगळे माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो, त्याचाच जास्त राग आलाय.

अहो साहेब, बार्शी लाईट, म्हणजे आमची छोटी गाडी, 1897 ला धावली. ही मॅनिफोल्डची गाडी जून 1904 ची. सात वर्षांनी! दोन्हींच्या मागं डोकं एकच, इंग्रज इंजिनिअर एव्हरर्ड कॅलथ्रॉप. हा माणूस 1882 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आला, आपल्या मुलखात फिरला आणि हट्टाला पेटला की अडीच फुटी रुळांवरून खरी रेल्वे चालवून दाखवीन. दर आसावर भार पाच टनांच्या आत ठेवायचा, म्हणजे हलके रूळ पुरतात, हे त्याचं गणित. ते गणित बार्शीत सुटलं, म्हणून इंग्लंडातल्या त्या दऱ्याखोऱ्यातल्या लोकांनी त्याला बोलावलं. मॅनिफोल्डची दोन्ही इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, आणि बार्शीची पहिली इंजिनंही तिथलीच. इकडच्या इंजिनांवरही हिंदुस्थानी थाटाचा भलामोठा दिवा होता. तो कशाला, कुणास ठाऊक. या खोऱ्यात रात्री रुळांवर कुठली म्हैस बसलेली असणार? डबे पिवळे, टोकाला सज्जे. फलाट वीतभरही उंच नाहीत. फोटो बघा, आमच्या छोट्या लाईनीचं स्टेशन वाटेल.

माझे आबा कुर्डुवाडीला हमाल होते. आमची छोटी लाईन तिथं मोठ्या लाईनीला मिळायची. रूळ वेगळे, म्हणून छोट्या वाघिणीतला (मालडब्यातला) माल मोठ्या वाघिणीत जाणार तो माणसाच्या पाठीवरून. भुईमूग, तूर, ज्वारी, कापूस. आबांच्या मानेखाली लिंबाएवढी कठीण गाठ होती. लहानपणी मी ती बोटानं दाबायचो आणि विचारायचो, दुखतंय का? ते म्हणायचे, "ती माझी न्हाय, रेल्वेची हाय."

तर आज तिथं मी काय बघितलं? फोटोत मॅनिफोल्डची एक लांब सपाट गाडी आहे, आणि तिच्या पाठीवर मोठ्या लाईनीची अख्खी वाघीण उभी. वॉटरहाऊसेसला मोठ्या रुळांवरची वाघीण मालासकट सरळ तिच्यावर ढकलायची, आणि छोटी गाडी तिला घेऊन खोऱ्यात निघायची. स्टेशनांवर मोठ्या मापाच्या रुळांचे तुकडे टाकलेले होते, त्यावर ती उतरवून ठेवायची. माल उतरवा, चढवा, ही भानगडच नाही. डोकं पुन्हा कॅलथ्रॉपचंच. आणि माझ्या लहानपणापर्यंत कुर्डुवाडीला मी गोणी बघितली ती माणसाच्याच पाठीवर.

मान्य, त्या गाडीला ओझं तरी काय होतं! मुख्यतः दूध. हमाल ठेवायचे तर मजुरी परवडली नसती. आपल्याकडं माणूस स्वस्त होता. बरोबर आहे तुमचं. पण हे बरोबर आहे म्हणूनच मला त्रास होतो ना.

आणि त्या गाडीचं झालं काय ते ऐका. गावं वर डोंगरावर, स्टेशनं खाली नदीकाठी. ग्रिंडनला उतरलात तर ग्रिंडन गाव चढ चढून. ह्यूम एंडच्या पाटीवर हार्टिंग्टनचं नाव, आणि हार्टिंग्टन दोन मैल लांब! एक्टनला तांब्याच्या खाणी होत्या, त्या गाडी यायच्या आधीच थंडावलेल्या. मोठी लाईनसुद्धा वॉटरहाऊसेसला पोचली 1905 मध्ये. वर्षभर जवळच्या लीक गावाहून लोकांना वाफेच्या बसमधून आणावं लागलं. एका ठिकाणी तर बोगदा आहे, तोही सर थॉमस वॉर्डल यांच्या घरातून गाडी दिसू नये म्हणून खणला असं सांगतात. (गंमत म्हणजे हे वॉर्डल लीकचे रेशीमवाले, आपल्या टसर रेशमावर आयुष्य घातलेला माणूस. रेशीम आपलं चालतं, गाडी नजरेआड पाहिजे!) पुढं एक्टनची डेअरी बंद पडली, दूध लॉरीत गेलं, आणि मार्च 1934 मध्ये गाडी संपली. तीस वर्षं पुरी झाली नाहीत.

आणि ते खेळणं म्हणतात ती आमची गाडी? 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. दोनशे मैलांच्या वर. आषाढीला टपावरसुद्धा माणसं. नंतर ब्रॉडगेज झालं, तेही बरंच झालं, लातूरचा माणूस रात्री झोपतो आणि मुंबईत उठतो. जीव जाईपर्यंत जुन्या गाडीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. तिच्यात बसून ढुंगण सोलवटलंय माझं.

रागात सुरू केलं होतं, पण खरं सांगू का, दुपारी परत येताना त्या बोगद्यातून सायकल चालवली आणि गप्प झालो. त्या लोकांनी रूळ काढले, पण 1937 ला वाट खुली केली, ती आजतागायत जपली. प्लॉट पाडले नाहीत. हे त्यांचं मानायलाच लागतं. त्या वाटेवर आमची पोरं आरडाओरडा करत होती आणि मला मात्र आबांची ती गाठ बोटाला लागत होती. लिंबाएवढी.

ज्येष्ठ स्नेह्यांना तिथं काही बोललो नाही. वयानं मोठे आहेत, आणि डब्यातल्या थालीपिठांतली दोन त्यांच्याच घरची होती. वाचत असतील तर, काका, नमस्कार. 1897 लक्षात ठेवा.

संध्याकाळी वाघिणीवरच्या वाघिणीचा फोटो बार्शीला दादांना पाठवला. तिकडं झोपायची वेळ, तरी लगेच फोन आला. "ही वर चढवायला माणसं किती लागायची रं?"

म्हटलं, "एक पण नाही दादा. इंजिनच ढकलायचं."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "मग तिथलं हमाल काय करायचं?"