‘ना धड राग, ना धड लोकगीत’ : अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

यॉर्कशरमधल्या जुन्या चर्चमध्ये आम्ही इंग्लिश लोकगीतं सतार, तबला, तंबोरा, गिटार आणि मेलोडियनच्या साथीनं सादर केली. त्या कार्यक्रमाला आपण पाचापैकी दोन तारे दिलेत. ‘ना धड राग, ना धड लोकगीत. २० मिनिटं नुसती वाद्यं लावण्यात गेली. पेटी बेसूर. तबल्यापुढे शब्द ऐकू येईनात. आणि याचे १८ पौंड!’ आपण मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीत. बरंचसं मान्य आहे, सगळं नाही.

आधी रागाचं. ‘स्कारबरो फेअर’ या इंग्लिश लोकगीतापुढे आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘राग काफी’ छापलं होतं. ते चूक, आणि ती छापखान्याची नव्हे, आमची. ती चाल काफी थाटातली आहे, काफी रागातली नाही. थाट म्हणजे नुसता स्वरांचा संच, राग म्हणजे त्या स्वरांतून चालण्याची ठरलेली रीत. गंधार-निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध, इतकंच दोघांत सारखं. दुसरी ओळ गुणगुणून पाहा : प नि सां नि, प ध म प. शुद्ध धैवत कानात भरतो तो इथेच, तोही निसटता. शेवट प म ग रे सा नि सा, म्हणजे मंद्र निषादाला हात लावून षड्जावर. अशा चालीची रागासारखी बढत करायला गेलं की हा एकटा धैवत नडतो. आलापात वारंवार घेतला तर मूळ चालीचा चेहरा हरवतो, टाळला तर काफी की आसावरी (धैवतही कोमल असलेला थाट) हेच कळेनासं होतं. म्हणून सतारीचा आलाप चारच मिनिटांचा ठेवतो. आपल्याला तो तोकडा वाटला, पण तो तेवढाच राहील. पत्रिकेत मात्र यापुढे ‘काफी थाटातली इंग्लिश चाल’ असं छापू, आणि जाहिरातीतला ‘शास्त्रीय मैफल’ हा शब्द काढला आहे. त्या शब्दावर विसंबून आलेल्याची निराशा होणारच.

इंग्लिश गाणं आणि सतार एकत्र आणण्याला आपण ‘साठच्या दशकातल्या हिप्पींचं उष्टं’ म्हटलंत, हे मात्र मान्य नाही. इंग्लिश लोकगीतं गोळा करणारे सेसिल शार्प यांनी १९०३ मध्ये सॉमरसेटच्या हॅम्ब्रिज गावात पाद्र्यांच्या माळ्याच्या तोंडून पहिलं गाणं टिपून घेतलं. १९०७ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की खेड्यांतल्या अनेक चाली पियानोच्या मेजर-मायनरमध्ये बसत नाहीत, जुन्या मोडमध्ये, म्हणजे थाटांसारख्या जुन्या स्वरसंचांत, बसतात. त्यांतला डोरियन म्हणजे आपला काफी थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज (फक्त निषाद कोमल). स्वर मुळातच जुळतात, आम्ही ओढूनताणून जुळवलेले नाहीत. ओढाताण होते ती वाद्यांची, आणि आपल्या बाकीच्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

आपण जिला पेटी म्हणता ते मेलोडियन, अकॉर्डियनसारखं बटणांचं वाद्य. भाता ताणला की एक स्वर, दाबला की दुसरा. इंग्लंडच्या नाच-गाण्यात बटणांच्या दोन ओळींची, एक डीची आणि एक जीची, अशी डी-जी मेलोडियन सर्रास चालते. आमचा षड्ज पांढरी दोन, म्हणजे डी. त्यावर बिलावल (सगळे स्वर शुद्ध) आणि खमाज या पेटीत आरामात वाजतात, कारण जी ओळीत खमाजचे सगळे स्वर आहेत. काफीला लागणारा कोमल गंधार, म्हणजे एफ, मात्र आमच्या पेटीत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी काफीच्या गाण्यांसाठी षड्ज पांढरी तीनवर, म्हणजे ई वर, न्यावा लागला. मेलोडियनवाल्याचं काही अडत नाही, त्याचा डोरियन ई वरून डी ओळीत तयार मिळतो. गिटारवाला दुसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावतो आणि मोकळा होतो. मरण सतारीचं. सात मुख्य आणि तेरा तरफा (खाली आपोआप झंकारणाऱ्या तारा), मिळून २० तारा एक सूर वर. बाजाची तार, म्हणजे जिच्यावर चाल वाजते ती, तुटायच्या बेताला येते, आणि नवा ताण बसेपर्यंत उतरत राहते. तंबोऱ्याच्या चारही तारा वर. तबला साडेपाच इंची तोंडाचा बाजूला ठेवून पाच इंची घ्यायचा. त्यात आम्ही गाण्यांचा क्रम खमाज, काफी, पुन्हा खमाज, पुन्हा काफी असा लावला होता. म्हणजे हे सोपस्कार तीनदा. आपली २० मिनिटं तिथे गेली, आणि ती नियोजनाची चूक होती.

भरीला चर्चमधला हीटर. दुपारी वाद्यं थंडीत लावलेली, संध्याकाळी हॉल तापला. उष्णतेनं पोलादी तार सैल पडते आणि उतरते. तबल्याची पुडी (वरचं कातडं) कोरड्या हवेत आवळते आणि चढते. दोघं उलट दिशेला चालू लागतात आणि मेलोडियन मख्खासारखी जागच्या जागी. कोणाला कोणाशी जुळवायचं, तर जो हलत नाही त्याच्याशी, दुसरा इलाज नाही. आता हीटर कार्यक्रमाच्या दोन तास आधी लावायला सांगतो आणि वाद्यं त्याच हवेत उघडी ठेवून मगच लावतो. ‘तंबोऱ्याचं ॲप का नाही वापरत?’ असंही आपण विचारलंय. वापरतो, पण लावताना कानात संदर्भ म्हणून. मंचावर मिरजेचाच तंबोरा राहील. जव्हारीतून (तारांखालच्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागावरून) घोळून येणारा नाद फोनच्या स्पीकरमधून येत नाही, आणि या बाबतीत आम्ही हट्टी आहोत.

आता ‘बेसूर’. आपला कान बरोबर आहे. मेलोडियनमध्ये एका स्वराला दोन पत्त्या (हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असतात, आणि दुसरी मुद्दाम किंचित चढी लावलेली असते. ४४० हर्ट्झच्या आसपास १० सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक ठेवला तर सेकंदाला अडीच हेलकावे ऐकू येतात. नाचाच्या अंगणात तेच छान वाटतं, स्थिर तंबोऱ्यापुढे तेच डोक्यात जातं. शिवाय पत्त्या पियानोसारख्या समान अंतरावर लावलेल्या. तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा. पंचमाचा फरक दोनच सेंटचा, तो कोणाला टोचत नाही. म्हणून खमाजच्या गाण्यात गंधारावर थांबताना आपल्याला बोचलं असणार.

उपाय केलाय. दुसरी पत्ती बंद करणारी कळ आता पूर्ण कार्यक्रमभर बंद. डाव्या हाताच्या कॉर्डमधला गंधारही कळ दाबून काढून टाकतो, षड्ज-पंचम तेवढे उरतात. गंधारावर मुक्काम करायचा तो गायिकेनं किंवा सतारीनं, मेलोडियननं नाही. गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावतो, म्हणजे सा प सा म प सा. त्यात गंधारच नसल्यामुळे तंबोऱ्याशी भांडण होत नाही. आणि काफीसाठी सी-एफची दुसरी मेलोडियन घेतली आहे. तिच्या सी ओळीत पांढरी दोनवरून काफी थाट सरळ वाजतो, त्यामुळे षड्ज आता हलवायचाच नाही. क्रमही बदलला : खमाजची सगळी गाणी आधी, काफीची नंतर. मध्ये फक्त तरफांचे गंधार कोमल करायचे, तेही मध्यंतरात.

शब्द ऐकू न येण्याचं कारण थोडं निराळं. इंग्लिश बॅलड म्हणजे गोष्ट, शब्द गेले की सगळंच गेलं. शब्दांतली व्यंजनं ज्या वरच्या पट्ट्यात ऐकू येतात, तिथेच तबल्याच्या किनारीवरचा ‘ना’ हा बोल कडाडतो. त्यात दगडी भिंती, आणि आम्ही तबल्याला दोन माइक लावून बसलो होतो. दीडशे माणसांच्या चर्चमध्ये तबल्याला माइकची गरज नाही. आता डग्ग्याला एकच, तोही खालचा घुमारा कापून. ठेक्याबद्दलही सांगायला हवं : दादरा सहा मात्रांचा, ‘स्कारबरो फेअर’ची चाल तीन-तीन मात्रांच्या घरांची, म्हणजे दोन घरं मिळून एक आवर्तन, गणित जुळतं. पण जुन्या पद्धतीनं एकट्यानं गाणारा माणूस ओळीअखेर हवा तेवढा थांबतो, श्वास घेतो आणि मग पुढे जातो. ठेक्यात आवळलं की तो श्वासच जातो. यापुढे पहिलं कडवं नुसत्या तंबोऱ्यावर, ठेका दुसऱ्यापासून, आणि तिहाया (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) फक्त वाद्यांच्या तुकड्यात.

१८ पौंड कमी होणार नाहीत. सहा कलाकार आणि दीड तास, या हिशेबात दर रास्त आहे. मात्र लावण्यात गेलेला वेळ आपला होता. त्या दिवशीचं तिकीट ज्यांच्याकडे आहे त्यांनी महिन्याभरात तिकिटावरच्या पत्त्यावर कळवावं, अर्धे पैसे परत किंवा पुढच्या कार्यक्रमाची एक जागा, जे हवं ते. आलात तर पहिल्या दोन रांगा सोडून चौथ्या-पाचव्या रांगेत मधोमध बसा. पुढे तबला थेट कानावर येतो, आणि खांबांमागे शब्द पोचत नाहीत.