गिऱ्हाईक दमवा, नफा कमवा

ऑनलाइन दुकान टाकायचं मनात असेल तर आधी माझ्याशी बोला. मी काही विक्रेता नाही. पण गेल्या महिन्यात एक टेबललॅम्प मागवला आणि या धंद्याचं अख्खं शिक्षण माझ्या पैशानं झालं. तेच आता फुकट वाटतोय. डिलिव्हरी चार्जसुद्धा नाही.

सुरुवात फोटोपासून. लॅम्प एकटा उभा करावा. शेजारी पुस्तक, कप, पेन असलं काही नको, उंची कळते. उंची लपवायची असं नाही हं, लिहायचीच. पण सातव्या फोटोत, करड्या अक्षरांत, मिलिमीटरमध्ये. १५० मिलिमीटर वाचताना कसं भरघोस वाटतं. वीतभरही नाही, हे खोकं उघडल्यावर कळतं.

मूळ किंमत मनाला येईल ती लिहून त्यावर काट मारावी. युरोपियन युनियनमध्ये मात्र जपून. तिथे २०२२ पासून नियम लागू आहे, सवलत जाहीर करायची तर आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत सांगावी लागते. इतक्या अरसिक ठिकाणी धंदा करूच नये.

‘फक्त २ नग शिल्लक’ ही पाटी काढू नये. महिना झाला, अजून दोनच आहेत.

यादीत भाव कमी दाखवून उरलेलं सगळं शेवटच्या पानावर ओतावं: पॅकिंग शुल्क, हाताळणी शुल्क, सुविधा शुल्क. कसली सुविधा, असं कोणी विचारत नाही. तोवर बिचाऱ्यानं पत्ता, फोन, ओटीपी सगळं भरलेलं असतं, आता कुठे मागे फिरतो? विम्याच्या चौकोनात बरोबरची खूणही आपणच करून ठेवावी, त्याला कशाला त्रास! असल्या करामतींना हॅरी ब्रिग्नल या डिझायनरनं २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हटलं. त्यानं नाव ठेवलं, लोकांनी नावं ठेवली, धंदा चालूच.

मग रिव्ह्यू. माझ्या लॅम्पला साडेचार तारे होते. मी तारे बघितले, खालचं वाचलं नाही. लॅम्प हातात पडल्यावर वाचायला बसलो. ‘सोल मऊ आहे, टाच दुखत नाही.’ ‘एक नंबर मोठा घ्या.’ एका बाईंनी तर फोटो टाकलेला, दोन्ही पावलं स्पष्ट. म्हणजे चपलेच्या जुन्या पानावर नाव आणि फोटो बदलायचे, तारे तसेच ठेवायचे. चपलेची पुण्याई लॅम्पला! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली म्हणे. पण हे खोटे कुठे आहेत? चप्पल खरंच चांगली असणार.

आता मुख्य धडा, परतावा. माझा लॅम्प लावला की लुकलुकायचा. ‘परत करा’ हे बटण शोधायला घेतलं. ते ‘मदत’मध्ये नाही, ‘माझ्या ऑर्डर’मध्ये नाही, ‘इतर’मध्ये ‘अजूनही मदत हवी आहे?’च्या पोटात. तिथे चॅटवर एक यंत्र, नाव मात्र माणसाचं. मी लिहिलं, लॅम्प लुकलुकतो. ते म्हणालं, ‘ऐकून वाईट वाटलं. आमचे नवे लॅम्प बघायला आवडतील का?’ तीन दिवस असे गेले. मुदत सात दिवसांची. चौथ्या दिवशी खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला, सील शाबूत असल्यापासून, सलग! अहो, खोकं उघडताना शूटिंग कोण करतं? मुंज होती का लॅम्पची? नाही म्हटल्यावर फोटोवर भागलं, पण मूळ पॅकिंगच हवं आणि पाठवणीचा खर्च माझा. कुरिअरचा हिशेब ठाऊक आहे ना? काट्यावरचं वजन एक, आणि लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागलं की येतं ते दुसरं. जे जास्त, त्याचे पैसे. त्यांचं खोकं ४० बाय ३० बाय २५. म्हणजे सहा किलो! लॅम्प पाव किलोचा, बाकी सगळी त्यांनीच भरून पाठवलेली हवा. त्या हवेचं भाडं लॅम्पच्या किमतीहून जास्त. मी खोकं परत माळ्यावर टाकलं आणि गप्प बसलो.

नफा म्हणतात तो इथे, बरं का. माझ्या कंटाळ्यात. गिऱ्हाईक किती वेळात दमतं याचा अंदाज बांधायचा आणि परताव्याची वाट त्याहून एक पायरी लांब ठेवायची. माल कसाही चालतो.

जाऊ दे, आता उपरोध पुरे. लाज कशी वाटत नाही? चार पैसे सुटावेत म्हणून दुकान टाकता, टाका, कोण नाही म्हणतंय! सरळ मार्गानं विकणारेही आहेतच, त्यांच्याही पोटावर पाय आणता तुम्ही. आणि वाचकहो, तुम्हीही काही कमी नाही. खोकं फोडायच्या आधी ‘मस्त प्रॉडक्ट’ म्हणून पाच तारे देऊन मोकळे होता, कशाच्या जिवावर? फसल्यावर हसून सोडून देता. मीही सोडलंच म्हणा.

चॅटवर एक जिवंत माणूस बसवा. आणि फोटोत लॅम्पशेजारी एखादं पुस्तक ठेवा की, काय बिघडतं!