‘पैसे देऊ नका’ म्हणणाऱ्यांनी एकदा पोती निवडायला यावं

परवा नागपूरच्या महाल भागातल्या काकूंचा फोन आला. आमच्या मुलींच्या वसतिगृहाला गेली सहा वर्षं दर पाच तारखेला न चुकता पाचशे रुपये पाठवणाऱ्या काकू. म्हणाल्या, “आता पैसे नाही देत बाप्पा, कपडेच देते. व्हॉट्सॲपवर सगळेच पाठवून राहिले ना!” संध्याकाळपर्यंत तो मेसेज मलाही चौघांकडून आला. त्यात म्हटलंय : संस्थेला पैसे देऊ नका, ते पगारात जातात. घरातल्या जुन्या वस्तू, उरलेली औषधं द्या, त्यावरही टॅक्स वाचतो. रक्तदान करू नका, ते रक्त विकतात.

उरलेली औषधं! हे लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग आला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. नंतरचा आठवडाभर मी एका समाजभवनात आलेली पोती निवडत होते. गोळ्यांची अर्धी कापलेली स्ट्रिप, तारीख नेमकी कापलेल्या भागावर. खोकल्याच्या औषधाची उघडी बाटली, तोंडाशी साखर जमलेली. कोणाची बीपीची गोळी कोणाला द्यायची? एक खोकं भरलं आणि सगळं टाकून द्यावं लागलं. कपड्यांत ब्लाउज नसलेल्या साड्या, चेन तुटलेल्या पँट, एकाच पायाची चप्पल, लग्नातली शेरवानी. ज्यांच्या घरात गुडघाभर गाळ होता, त्यांना हवी होती बादली, चटई, फिनाइल, नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड. यातलं काहीही पोत्यात नव्हतं. ते बर्डीच्या बाजारातून विकत आणलं, लोकांनी दिलेल्या पैशांतून. जुने कपडे देऊच नका असं नाही. पण आधी फोन करून काय लागतं ते विचारा, आणि धुऊन, घडी घालून द्या.

पैसा पगारात जातो? हो, जातो. स्वयंपाकाच्या मावशी पहाटे पाचला येऊन चाळीस मुलींच्या पोळ्या लाटतात. त्यांनी फुकट राबायचं का? मागच्या मे महिन्यात आमच्या मोठ्या कूलरचा पंप जळला. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कूलरचा पंप कोणी पोत्यात घालून आणून देत नाही. तो दुसऱ्या दिवशी बसला तो काकूंसारख्यांच्या पाचशे-पाचशेतून.

बोगस संस्था आहेत, एवढं मात्र मान्य करावं लागतं. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारे मीही पाहिले आहेत. पण त्यावर उपाय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. त्याखाली नोंदलेल्या न्यासाला, म्हणजे ट्रस्टला, दरवर्षी हिशेब पूर्ण करावा लागतो, नियमाप्रमाणे तपासून घ्यावा लागतो. नोंदणी क्रमांक मागा, मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. जी संस्था का-कू करेल, तिला एक रुपयाही देऊ नका.

वस्तूंवर टॅक्स वाचतो हे साफ खोटं. ८०जी म्हणून आपण ओळखतो ती आयकरातली वजावट पैशाच्या दानालाच आहे. रोख रक्कम २००० च्या वर गेली की तीही नाही, तेव्हा चेकने किंवा ऑनलाइन द्या. नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मिळतच नाही.

रक्ताचं थोडक्यात. रक्तपेढी घेते ते तपासणी-प्रक्रियेचं शुल्क. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या प्रत्येक पिशवीला होतात, आणि शुल्काची कमाल मर्यादा सरकारने ठरवून दिली आहे. त्याहून जास्त घेतलं तर जरूर तक्रार करा. पण आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, रक्ताची गरज पडणारे किती रुग्ण आहेत! उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद. तेव्हा असा मेसेज फिरवणं म्हणजे त्या लेकरांच्या हातातली पिशवी काढून घेणं आहे.

रविवारी काकूंकडे गेले. पोत्यातल्या दोन धडक्या चादरी तेवढ्या घेतल्या. काकू निवृत्त गणिताच्या बाई, आणि आमच्या दहावीच्या सहा मुली बीजगणितात अडकल्या आहेत. शनिवारी दोन तास याल का, विचारलं. लगेच हो म्हणाल्या. पाचशे मात्र पाच तारखेलाच पाठवा काकू, म्हटलं, त्याच आठवड्यात सिलिंडर येतं.