कोड दिसला की सेन्सर बदल! मीटर काय पूजेला ठेवलाय?

गाडीला स्कॅनर लावायचा, पी०३४० हा बिघाडाचा कोड दिसला की "कॅम सेन्सर गेलाय साहेब" म्हणायचं आणि बिल फाडायचं. नाशकात अंबडला जा नाहीतर द्वारकेला, जिथं तिथं हेच. आठवडाभरात चेक इंजिनचा दिवा परत पेटतो, मग "आता ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघावा लागेल". अरे, पी०३४० म्हणजे कॅम सेन्सरच्या, म्हणजे कॅमशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटमध्ये गडबड. सर्किटमध्ये कप्लर (वायरी जोडणारा प्लग) येतो, वायरी येतात, अर्थिंग येतं. सेन्सरच मेलाय असं कोडनं कुठं सांगितलं?

दहा मिनिटांचं काम आहे हो! तीन वायरींचा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखून चालू-बंद सिग्नल देणारा) असेल तर कप्लर काढा, चावी ऑन करा, मल्टीमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला धरा. सप्लायच्या पिनवर गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट यायलाच हवेत. ५ व्होल्टची लाइन बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या सेन्सरांनाही जाते. त्यातला एखादा शॉर्ट असला तर तो सगळी लाइन खाली ओढतो आणि बळी जातो कॅम सेन्सरचा. एकेक कप्लर काढत जा, व्होल्टेज परत वर आलं की चोर सापडला.

सप्लाय आणि अर्थिंग ठीक असेल तर कप्लर परत बसवा, मागून बारीक पिन घालून सिग्नलच्या वायरीवर मीटर लावा. गाडी न्यूट्रलला, इंजेक्टरचे कप्लर काढलेले, आणि क्रँक पुलीचा बोल्ट पान्यानं सावकाश फिरवा. आकडा शून्याच्या जवळून वर उडी मारून परत खाली आला पाहिजे. सेल्फ मारून बघू नका, मीटर नुसती सरासरी दाखवतो. दोन चक्रं पूर्ण फिरवूनही आकडा हलला नाही आणि सिग्नलची वायर तुटलेली किंवा शॉर्ट नसेल तर खुशाल सेन्सर बदला, कोण अडवतंय! आणि हॉल सेन्सरला ओहममध्ये तपासून "मेला" म्हणणाऱ्यांना तर हात जोडावेत. ती तपासणी दोन वायरींच्या मॅग्नेटिक सेन्सरची.

कप्लर तरी उघडून नीट बघा! टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून झिरपलेलं ऑइल आत साचलेलं, पिना हिरव्या पडलेल्या, लॉक तुटून केबल टायनं बांधलेला. अशा कप्लरमध्ये नवाकोरा सेन्सर खोचून काय होणार? वायर हलवली की सिग्नल तुटतो आणि कोड परत हजर.

कसाऱ्याचा घाट चढताना तापून बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी, ती थंड इंजिनवर तपासून "सगळं ओके" म्हणून परत देतात, याचा तर संताप येतो. हीट गननं सेन्सर गरम करा, मग सिग्नल बघा! अशा वेळी क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा क्रँक सेन्सरही तपासायलाच हवा, कारण कॅमचा सिग्नल गेला तरी बऱ्याच गाड्या क्रँकवर चालत राहतात, फक्त स्टार्टला जास्त वेळ घेतात.

पी००१६ (क्रँक आणि कॅमचा ताळमेळ चुकल्याचा कोड) सोबत असेल तर टायमिंग चेन बघा. ताणलेल्या चेनवर तीन सेन्सर बदलले तरी कोड जाणार नाही.

गिऱ्हाइकांनो, पैसे देण्याआधी जुना सेन्सर हातात मागा आणि विचारा: सप्लाय किती आला, सिग्नल किती आला? आकडे सांगता येत नसतील तर त्यानं मीटर लावलेलाच नाही.