अनुदानाचा बोजा सातबाऱ्यावर चढत नाही

आमच्या खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. भाऊबंदांच्या, विकास सोसायटीच्या, आम्हा निवृत्त बँकवाल्यांच्या आणि साक्रीकडच्या पाहुण्यांच्या. सालदार ठरवायचे, कपाशीच्या बियाण्याची जुळवाजुळव करायची, ठिबकच्या जुन्या नळ्या उकलून बघायच्या, असे हे दिवस. शेतकरी खर्चाचा हिशेब मांडून बसलेला असतो, तेव्हाच हा मेसेज त्याच्या हातात पडला.

मजकूर थोडक्यात असा. ठिबक, सौर पंप, छतावरचं सोलर यांचं अनुदान हे खरं तर कर्जच आहे, पाच-सात वर्षांनी व्याजासकट वसूल करतात. अर्ज केला की सातबाऱ्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढतो. सौर पंप घेतला की विजेचं कनेक्शन कायमचं जातं. छतावरच्या सोलरचे ७८ हजार कोणालाच मिळत नाहीत, दलाल खातात. हा सगळा पैसा परदेशी बँकांचा आहे, तेव्हा शेवटी जमिनी त्यांच्याकडे जाणार. आणि सगळ्यात खाली एक मोबाईल नंबर: 'बोजा न चढता अनुदान हवे असल्यास संपर्क करा.'

दोन दिवसांनी बोरी नदीकाठच्या गावातले एक गृहस्थ घरी आले. साडेतीन एकर, विहिरीला पाणी बरं, ठिबकची पूर्वसंमती आलेली. मोबाईल पुढे करून म्हणाले, "दादा, हाई खरं शे का?" पूर्वसंमती सोडून द्यायच्या बेतात होते. मी तीस वर्षं शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. बोजा चढवण्याची पत्रं माझ्या सहीने तलाठ्याकडे गेली आहेत आणि तो उतरवण्याचे दाखलेही मी दिले आहेत. त्यामुळे मला यावर गप्प बसवेना.

'अनुदान म्हणजे कर्जच.' मेसेजचा कणा हाच, म्हणून इथे थोडं थांबावं लागेल. ठिबकचं उदाहरण घ्या. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकाला, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला, मंजूर खर्चाच्या ५५ टक्के मिळतात, बाकीच्यांना ४५. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना अनुक्रमे २५ आणि ३० टक्के पूरक देते. असे ८० आणि ७५ टक्के होतात. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर होतो, पूर्वसंमती येते, मग संच घ्यायचा, बिल चढवायचं, मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी, होते आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. या सगळ्यात बँकेचं काम फक्त खातं सांभाळण्याचं. कर्जरोखा नाही, जामीनदार नाही, हप्ता नाही. ज्याचा हप्ताच ठरलेला नाही त्याची वसुली कोण आणि कशाच्या आधारे करणार?

मग 'सात वर्षांनी' हे कुठून आलं? माझा अंदाज असा की त्याच जमिनीवर ठिबकचं अनुदान पुन्हा घ्यायचं तर सात वर्षं थांबावं लागतं, ही अट कोणीतरी अर्धवट ऐकली. थांबण्याची मुदत होती, ती सांगता सांगता वसुलीची झाली.

दुसरं बीज माझ्याच खात्यातलं आहे, ते प्रामाणिकपणे सांगतो. काही योजनांत अनुदान कर्जाला जोडलेलं असतं आणि ते मागाहून मिळतं. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, घ्या. आपल्याकडे केळीची कापणी झाली की खांब बांधावर नाहीतर नाल्यात टाकतात. त्याच खांबापासून धागा काढण्याचं युनिट कोणी टाकलं, तर प्रकल्पाला बँक कर्ज देते आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५, विशेष गटाला ३५ टक्के अनुदान मंजूर होतं. पण हे पैसे हातात पडत नाहीत. बँक ते तीन वर्षं मुदत ठेवीत अडकवून ठेवते. तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लावत नाही, आणि मुदत संपली, युनिट चालू दिसलं, की ती रक्कम कर्जात वळती करते. युनिट मध्येच बंद पडलं किंवा खातं थकलं तर अनुदान परत जातं आणि सगळं कर्ज उद्योजकाच्या अंगावर राहतं. अशा माणसाने गावात येऊन 'अनुदान वसूल केलं' असं सांगितलं, तर त्याच्यापुरतं ते खोटं नाही. पण तो कर्जाचा करार होता आणि सही करताना ही अट त्याला कोणी समजावून सांगितली नव्हती. आमच्या खात्यातल्या लोकांनी अशी घाईने सही घेतलेली प्रकरणं मी पाहिली आहेत आणि त्याचा मला आजही राग येतो. त्या कर्जाचा अनुभव ठिबकच्या अनुदानाला चिकटवला की मात्र दोन्हींचं नुकसान होतं.

सौर पंपाच्या बाबतीतही असंच झालं असावं. शेतीसाठीच्या सौर ऊर्जेची केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली, तेव्हा केंद्राच्या आराखड्यात स्वतंत्र सौर पंपासाठी ३० टक्के केंद्राचे, किमान ३० टक्के राज्याचे आणि उरलेले ४० शेतकऱ्याचे, त्यातही एकूण खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत बँकेकडून कर्ज घेण्याची मुभा, असं लिहिलेलं होतं. महाराष्ट्राने आपला हिस्सा वाढवला, म्हणून इथे सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच भरावे लागतात. कर्जाची मुभा कागदावर होती. इथल्या बहुतेकांना ती वापरायची वेळच आली नाही.

'सातबाऱ्यावर बोजा चढतो.' बोजा कसा चढतो ते सांगतो. शेतकरी कर्ज घेतो, जमीन तारण देतो किंवा जमिनीवर बोजा मान्य करणारा ई-करार लिहून देतो. त्या आधारे बँक वा सोसायटी तलाठ्याला कळवते, फेरफार पडतो आणि इतर हक्कांत बँकेचं नाव आणि रक्कम येते. या साखळीत शेतकऱ्याची सही असलेला कर्जाचा कागद लागतोच. महाडीबीटीच्या अर्जात असा कागद नाही. सातबारा जोडायला सांगतात तो जमीन तुमची आहे हे दाखवायला. 'सातबारा दिला' म्हणजे 'सातबारा गहाण दिला' असं आपल्याकडे पटकन ऐकलं जातं, कारण सावकारीच्या काळापासून कागद देणं म्हणजे अडकणंच होतं. ती भीती मला समजते. पण आता आपला सातबारा मोबाईलवर दोन मिनिटांत बघता येतो. इतर हक्क वाचा, तिथे काय लिहिलंय ते दिसेलच.

बोजा कुठे चढू शकतो तेही लिहितो. कुसुमच्याच एका वेगळ्या भागात पडीक जमिनीवर ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प उभा करून वीज विकता येते, आणि त्याला कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज मिळू शकतं. या निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे, सात वर्षांपर्यंत. सवलत व्याजात आहे, मुद्दल सगळं फेडायचं आहे. इथे बँक तारण मागेल आणि मागितलंच पाहिजे. ज्याला कोणी 'सरकार प्लांट फुकट देतंय' असं सांगतो, त्याने तिथून उठून घरी यावं. उलट लहान शेतीकर्जाबद्दल एक गोष्ट अजून पुष्कळांना ठाऊक नाही: १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने २ लाखांपर्यंतचं शेतीकर्ज विनातारण द्यायला सांगितलं आहे.

'सौर पंप घेतला की वीज गेली.' यात तथ्य आहे, पण मेसेजने ते वाकवलंय. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना मुळात ज्यांच्याकडे पंपाची पारंपरिक वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी आहे. जोडणी असलेल्या माणसाला हा पंप देऊन त्याची तार कापतात, असा प्रकार नाही. पंप जमिनीच्या हिशेबाने मिळतो: अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. आता खरं गाऱ्हाणं ऐका. ज्यांनी तारेच्या विजेसाठी अर्ज केला होता, त्यांना सौरच घ्या म्हटलं गेलं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी इतकं खोल गेलंय की तिथल्या कित्येक कूपनलिकांना साडेसात अश्वशक्तीचा सौर पंप पुरत नाही, आणि केळीला तर उन्हाळ्यातच जास्त पाणी लागतं. अशा शेतकऱ्याने 'मला हे चालणार नाही' म्हटलं तर ते अगदी बरोबर आहे आणि त्याचं ऐकलं गेलं पाहिजे. पण ज्याची विहीर साठ-सत्तर फुटांवर भरलेली आहे, रात्री दोनला उठून मोटर चालू करायला जातो, विंचू-सापाच्या भीतीत पाणी धरतो, त्याला या मेसेजने दिवसाच्या पाण्यापासून लांब ठेवलं. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा योजनेतच आहे. मे-जूनच्या वादळात पॅनेल उडालं तर त्याच विम्यावर दावा करायचा असतो, हे मात्र पंप बसवणारा सांगत नाही. आपणच विचारून, कागद मागून ठेवावा.

७८ हजारांचा हिशेब सोपा आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. तीन किलोवॅट आणि त्यापुढे ७८ हजारच. आधी संच बसतो, महावितरण तपासतं, विजेची देवघेव मोजणारं नेट मीटर लागतं, मग रक्कम ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यात येते. दलालाच्या खात्यात ती जाण्याची सोय योजनेत नाही. फसवणूक होते ती दुसरीकडे: भारतीय बनावटीच्या सेलचं, ज्याला डीसीआर म्हणतात ते पॅनेल नसेल तर अनुदान मिळत नाही, आणि काही विक्रेते स्वस्तात दुसरंच बसवून मोकळे होतात. कोटेशनवर 'डीसीआर' लिहून घ्या आणि विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा.

'परदेशी बँका जमिनी घेणार.' हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण इथे खऱ्या जखमेवर खोटं मीठ चोळलंय. जागतिक बँकेने २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला, आपण ज्याला पोखरा म्हणतो त्याला, ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. विदर्भ-मराठवाड्याबरोबर आपला जळगाव जिल्हाही त्यात होता. तसंच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून उभा राहिला. दोन्ही कर्जं खरी आहेत. पहिल्याची परतफेड सरकारच्या तिजोरीतून, दुसऱ्याची महानिर्मितीच्या हिशेबातून. पोखरातून ज्याने शेततळं किंवा शेडनेट केलं, त्याने जागतिक बँकेच्या कुठल्याच कागदावर सही केलेली नाही. त्याच्या हातात आलं ते अनुदान.

पण जमीन जाण्याची भीती खानदेशाला कोणा मेसेजने शिकवलेली नाही. धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या शेतकऱ्याने वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याकरता २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात विष घेतलं आणि प्राण सोडले. ते दुःख भूसंपादनाचं होतं, दाराशी येऊन तुटपुंजा मोबदला देणाऱ्या व्यवस्थेचं होतं. त्याचा आधार घेऊन कोणी साडेतीन एकरवाल्याला ठिबकपासून परावृत्त करावं, हे त्या माणसाच्या मरणाचाही अपमान करणारं आहे.

आणि खालचा तो नंबर. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने कुसुमच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या बनावट संकेतस्थळांविरुद्ध वारंवार इशारे दिले आहेत. सरकारी पत्त्याच्या शेवटी सहसा 'जीओव्ही डॉट इन' असतं. तिथे कोणी 'बोजा न चढवण्याचे' पैसे मागत नाही. जो बोजा चढतच नाही, तो न चढवण्याची फी घ्यायची, एवढ्यासाठी आधी भीती पसरवलेली दिसते.

मेसेजने जे लिहायला हवं होतं ते लिहिलंच नाही. ठिबकचं अनुदान महिनोन् महिने रखडतं. शेतकरी बिल आधी भरतो, त्यासाठी हातउसने घेतो, कधी शेकडा तीनने. अनुदान आलं तेव्हा त्यातलं बरंच व्याजात गेलेलं असतं. या गाऱ्हाण्यावर मोर्चा काढा, मी पुढे चालेन.

बोरीकाठच्या त्या गृहस्थांचा सातबारा आम्ही माझ्याच ओट्यावर उघडला. इतर हक्कांत बोजा होता! त्यांचा चेहरा पडला. "हाऊ देखा, मी काय सांगस," असं म्हणत त्यांनी बोट ठेवलं. नीट वाचलं तर तो त्यांच्या वडिलांनी विहिरीच्या इंजिनासाठी घेतलेल्या कर्जाचा निघाला, फार जुना. कर्ज फिटलं होतं, भरणा पावत्या पत्र्याच्या पेटीत होत्या, पण बेबाकीचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला कोणी मागितला नाही आणि बोजा कोणी उतरवला नाही. त्या इंजिनाला तेव्हा थोडं अनुदानही होतं, एवढंच त्यांना आठवत होतं, आणि घरात इतकी वर्षं 'अनुदानाचा बोजा' असंच म्हणत आले होते.

सोमवारी ते पावत्या घेऊन बँकेत जाणार आहेत, मग दाखला घेऊन तलाठ्याकडे. पूर्वसंमतीची मुदत जवळ आली होती, म्हणून ठिबकच्या डीलरकडे आम्ही दोघं आजच जाऊन आलो.