इंग्रजीच्या शंका चुटकीसरशी कशा सोडवाव्यात

"इथे कॉमा येतो का हो?" असं कोणी विचारलं तर 'बघून सांगते' म्हणू नये. त्यात कमीपणा आहे. प्रश्न संपायच्या आत उत्तर ठोकून मोकळं व्हावं.

कॉमा जिथे दम लागेल तिथे द्यावा. दमेकऱ्यांनी जास्त द्यावेत. एका कॉमाने काय बिघडतं? अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात एक कॉमा नव्हता, त्यावरून डेअरीच्या ड्रायव्हरांनी खटला लढवला आणि 2018 साली 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. पण आपल्याला काय!

'अ' की 'अ‍ॅन'? फक्त अक्षर बघावं, उच्चार कानाआड करावा. म्हणजे 'अ‍ॅन युनिव्हर्सिटी' आणि 'अ एमएलए' आपोआप जमतं.

चूक पकडली गेलीच तर 'ब्रिटिशमध्ये चालतं' म्हणावं.

अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या वर लटकणारा तो कॉमा, मात्र सढळ हाताने. शेवटी एस दिसला की लिंबू-मिरचीसारखा टांगायचा. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत टाक्या धुवायची नोटीस निघाली. मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून सेक्रेटरी मसुदा घेऊन आले, तेही भर दुपारी. 'रेसिडेंट्स' आणि 'टँक्स'मधले अपॉस्ट्रॉफी मी लाल पेनाने काढले. साधी अनेकवचनं ती! 'टँक अँड इट्स लिड'मधलाही काढला. टाकीचं झाकण आहे ते. 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणायचं असेल तरच तो लागतो. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कागद पाहिला. "एस आहे म्हणजे वर कॉमा लागतोच. माझा मुलगा न्यू जर्सीला असतो." झालं! मुलगा न्यू जर्सीला म्हटल्यावर पाणिनी तरी काय बोलणार? अठराव्या शतकात खुद्द इंग्रजही त्या 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी लावायचे, एवढं जरी काकांनी सांगितलं असतं तरी मी गप्प बसले असते. फ्लेक्स छापून आला, सहा बाय चार, तिन्ही अपॉस्ट्रॉफी जागच्या जागी. आणि खाली, 'इंग्रजी तपासणी:' पुढे माझं नाव!

अहो काका, ठाऊक नसेल तर 'नाही माहीत' म्हणा ना, जीभ झडते का? खिशातल्या फोनवर डिक्शनरी फुकट मिळते, दिवसभर गुड मॉर्निंगची फुलं पाठवण्यापेक्षा ती उघडा. आणि सेक्रेटरीसाहेब, ऐकायचं त्यांचंच होतं तर माझी झोपमोड कशाला केलीत? तीन वर्षं पैसे नाहीत म्हणून जिन्यातला दिवा लागत नाही आणि चुकीच्या फ्लेक्सला पैसे आहेत! निदान माझ्या नावावर तरी आज संध्याकाळपर्यंत चिकटपट्टी मारा.